नैराश्याची गोळी आणि पंधरवड्याची कसोटी

मुंबईच्या उपनगरांत औषधांच्या दुकानांची वानवा नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कोणत्याही स्थानकाबाहेर पडून दोन मिनिटे चालले की एखाद्या केमिस्टची पाटी दिसतेच, आणि तिच्या शेजारी बहुधा दुसरीही दिसते. या दुकानांच्या फळ्यांवर नैराश्यावरील औषधे गेली कित्येक दशके आहेत. ती परदेशातून मागवावी लागत नाहीत. नेहमीच्या वापरातील गोळ्यांचा खर्च दिवसाला काही रुपयांपलीकडे जात नाही. अॅमिट्रिप्टिलीन, फ्लुऑक्सेटीन आणि एसिटॅलोप्रॅम ही तीन औषधे तर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीतही समाविष्ट आहेत. असे असूनही नैराश्याने ग्रासलेल्या माणसांपैकी फार थोड्यांपर्यंत ही गोळी पोहोचते, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांच्यापैकीही पुष्कळजण महिना पुरा होण्याआधीच ती सोडून देतात. टंचाई गोळीची नाही हे उघड आहे. मग ती कशाची आहे, याचा विचार जितक्या गंभीरपणे व्हावयास हवा तितका झालेला नाही.

बोरिवलीस राहणारा आणि अंधेरीच्या कचेरीत जाणारा एखादा मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. पहाटे तीन-साडेतीनला त्याला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जेवणावरची वासना उडालेली असते. वर्षानुवर्षे आवडीने केलेली कामे त्याला ओझ्यासारखी वाटू लागतात. गाडीतल्या नेहमीच्या मंडळींशी बोलणेही नकोसे होते. तो घराजवळच्या डॉक्टरांकडे जातो, पण आपले मन उदास आहे असे सांगत नाही. पित्त फार झाले आहे, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते, झोप येत नाही, अशी त्याची तक्रार असते. हा लपवाछपवीचा प्रकार नव्हे. त्याला जे जाणवते ते शरीरातच जाणवते. बाहेर वीस माणसे बाकावर ताटकळत बसलेली असल्यामुळे डॉक्टरांनाही चार मिनिटांपेक्षा अधिक वेळ नसतो. चिठ्ठीवर पित्ताची गोळी येते, बी-कॉम्प्लेक्स येते आणि रात्री घ्यावयाची एक लहानशी गोळी येते. ही लहानशी गोळी पुष्कळदा अल्प्राझोलॅमची असते. त्या रात्री गृहस्थास झोप लागते आणि आपल्या दुखण्यावरचे औषध सापडले अशी त्याची समजूत होते.

या समजुतीतच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी आणि नैराश्यावरची गोळी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांचे जमाखर्चही उलट्या दिशांनी चालतात. पहिली गोळी घेतल्याबरोबर गुण देते. तिची किंमत काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी वसूल होते. तेवढीच झोप येण्यासाठी अधिक मात्रा लागते, गोळी चुकली की हातपाय थरथरतात, आणि वृद्ध माणसांचा तोल जाऊन हाडे मोडतात. मूळ नैराश्य मात्र जिथल्या तिथे राहते. दुसरी गोळी नेमकी याच्या विरुद्ध वागते. ती आपली किंमत प्रथम घेते आणि गुण मागाहून देते. पहिल्या आठवड्यात मळमळते, तोंड कोरडे पडते, डोके जड होते, क्वचित अस्वस्थता वाढतेही. मन हलके होण्यास मात्र दोन आठवडे लागतात, काहींना चार, काहींना सहाही लागतात. अशा स्थितीत ज्याला आधी कोणी हे समजावून सांगितलेले नाही त्याने दहाव्या दिवशी गोळी फेकून दिली तर त्यात त्याचा दोष तो काय? त्याच्या अनुभवाच्या कसोटीवर झोपेची गोळी औषध ठरते आणि नैराश्याची गोळी विष ठरते.

कायद्याने यात थोडे लक्ष घातले आहे, नाही असे नाही. २०१३ मध्ये औषधविषयक नियमांत एच-१ ही नवी अनुसूची घालण्यात आली. अल्प्राझोलॅम, डायझेपॅम यांसारख्या गोळ्या तीत आल्या आणि त्या देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदविणे दुकानदारावर बंधनकारक झाले. तथापि वही ठेवल्याने चिठ्ठी लिहिणाऱ्याची सवय पालटत नाही. शिवाय गोळी घेणाऱ्याला त्या दोहोंतला फरक सांगण्याचे काम वहीकडून होण्यासारखे नाही.

या औषधांचा जन्म कसा झाला हे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ती कोणी आखूनरेखून शोधलेली नाहीत. दुसऱ्याच रोगांच्या वाटेवर ती सापडली. या हकीकतीत मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि त्याची आठवण मुंबईकरांनाच राहिलेली नाही. सर्पगंधेची मुळी आपल्याकडच्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. बिहारकडे तर तिला वेड्यांचे औषधच म्हणत. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले. पुढे १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या बाझल येथील संशोधकांनी या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले होते. ते जगभर रक्तदाबासाठी दिले जाऊ लागल्यावर काही रुग्ण त्यामुळे खिन्न होतात असे डॉक्टरांना वाटू लागले. आणि प्रयोगशाळेत तपासता हे द्रव्य मेंदूतील सिरोटोनिन व नॉरअॅड्रेनॅलिन यांचा साठा रिता करते असे आढळले. ही द्रव्ये कमी झाली की मन खचते, या सिद्धांताची एक मुळी अशी सर्पगंधेपर्यंत जाऊन पोहोचते. रेसर्पीनमुळे नैराश्य येते ही समजूतही पुढे वाटली होती तितकी पक्की ठरली नाही, हा भाग निराळा.

याच सुमारास क्षयाच्या औषधानेही असाच एक धक्का दिला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात आले. क्षयावर त्याचा जो परिणाम झाला तो झालाच. पण अंथरुणाला खिळलेली ती माणसे आनंदाने हिंडूफिरू लागली, नाचू लागली. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी हे औषध नैराश्यासाठी वापरून पाहिले आणि ‘एमएओ’ रोधक या पहिल्या वर्गाची सुरुवात झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात काम करणारे रोलांड कून यांनी गायगी कंपनीच्या इमिप्रामिनविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. हे औषध त्यांच्याकडे स्किझोफ्रेनियासाठी आले होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरले, परंतु खोल नैराश्यात बुडालेल्या रुग्णांना त्याने वर काढले. तीन कड्यांच्या रचनेच्या, म्हणजे ट्रायसायक्लिक, औषधांचा हा आरंभ. कून यांनी रुग्णांची संमती न घेता कितीतरी द्रव्ये त्यांच्यावर अजमावली, हे सत्य अलीकडे स्विस इतिहासकारांनी उजेडात आणले आहे, आणि ते दृष्टीआड करून या शोधाचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

रेसर्पीनची सिबा आणि इमिप्रामिनची गायगी या दोन कंपन्या १९७० मध्ये एक झाल्या. त्याआधीच, १९६३ मध्ये, सिबाने मुंबईच्या उपनगरात, गोरेगाव पूर्वेला, आपले संशोधन केंद्र सुरू केले होते. नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्रातील मान्यवर अभ्यासक टी. आर. गोविंदाचारी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून त्याचे संचालक म्हणून आले. या केंद्रात रसायनज्ञ के. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून नायट्रॉक्झॅझेपीन हे तीन कड्यांचे औषध तयार झाले. इमिप्रामिनच्या तोडीचा गुण आणि तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे यांसारखा त्रास त्याहून कमी, असा त्याचा लौकिक होता. १९८२ मध्ये ते ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले. नैराश्यावरचे एक नवे औषध रेणूपासून गोळीपर्यंत आरे मार्गाच्या परिसरात घडले, ही घटना लहान नव्हती. अन्य देशांत अशा जागी एखादा फलक लागला असता. आज ते संशोधन केंद्रही राहिलेले नाही.

त्याच १९८२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमही जाहीर केला. मनाच्या आजारांचा उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतींतून बाहेर काढून साध्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नेहमीच्या डॉक्टरांच्या हाती सोपवावा, हे त्यामागील सूत्र होते आणि ते अगदी योग्य होते. म्हणजे एकाच वर्षी औषधही घरचे झाले आणि ते घरोघर पोहोचविण्याचे धोरणही ठरले. त्यानंतर औषधाची प्रगती झपाट्याने झाली. धोरणाची कशी झाली ते सांगण्याची गरज नाही. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर २० प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य गाठते असे दिसले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. ही पाहणी १२ राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. ज्या महानगराच्या उपनगरांत सरकारी आणि खाजगी मिळून एवढी आरोग्ययंत्रणा उभी आहे, तेथील नैराश्याचे मोजमाप त्या राष्ट्रीय पाहणीत झालेच नाही, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

औषधांकडे पुन्हा वळावे. तीन कड्यांची औषधे गुणकारी होती आणि आजही आहेत, पण त्यांचा एक दोष जीवघेणा होता. मात्रा अति झाल्यास ती हृदयाची लय बिघडवतात. ज्या आजारात माणसाला जगणे नकोसे होते त्याच आजाराचे औषध असे असावे, ही मोठीच अडचण होती. ‘एमएओ’ रोधकांचा प्रकार आणखी निराळा. मुरवलेले चीज किंवा तत्सम आंबवलेले पदार्थ पोटात गेले की रक्तदाब एकदम भडके, त्यामुळे ही औषधे मागे पडली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. सिरोटोनिन पेशींत परत ओढले जाण्याची क्रिया अडविणाऱ्या या वर्गात पुढे सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन, सिटॅलोप्रॅम, एसिटॅलोप्रॅम यांची भर पडली. ही जुन्यांहून फार अधिक गुणकारी नव्हती. परंतु अधिक मात्रेने होणारा धोका त्यांत बराच कमी होता, आणि मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही ती निर्धास्तपणे लिहिता येऊ लागली. नंतर व्हेनलाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटीन, मिर्टाझपीन, ब्युप्रोपिऑन अशी आणखी काही आली. २०१९ मध्ये तर नाकात फवारण्याच्या एस्केटामिनलाही अमेरिकेत परवानगी मिळाली. मात्र तो मार्ग मुख्यतः इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी आणि तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत अवलंबण्याचा आहे.

भारतात ही गोळी स्वस्त राहिली याचे श्रेय १९७० च्या पेटंट कायद्याला द्यावे लागते. औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच हक्क मान्य करणाऱ्या या कायद्यामुळे भारतीय कारखान्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविता आले. २००५ पर्यंत ही मुभा राहिली. १९८३ मध्ये मनोविकारांवरील अवघ्या पाच औषधांनिशी सुरू झालेली सन फार्मा ही कंपनी आज देशातील सर्वांत मोठी औषध कंपनी आहे आणि तिचे मुख्यालय, योगायोग असा की, गोरेगाव पूर्वेलाच आहे.

इतक्या प्रकारांतून कोणते औषध सर्वांत चांगले, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक हटकून विचारतात. त्याचे उत्तर अनेकांना निराश करील. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ औषधांचे ५२२ प्रयोग आणि सुमारे १ लाख १६ हजार रुग्ण यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. प्रत्येक औषध नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले, परंतु सरासरीचा तो फरक बेताचाच होता आणि औषधाऔषधांतील फरक त्याहूनही लहान होता. अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण आराम पडलेल्यांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश निघाले. अर्थात उरलेल्यांना मात्रा वाढविणे, औषध बदलणे किंवा जोडीला दुसरे देणे आवश्यक ठरते, आणि हे करावयाचे तर रुग्णाने डॉक्टरांकडे परत यावयास हवे. निवड होते ती मुख्यतः त्रासाकडे पाहून. झोप न येणाऱ्या आणि वजन घटलेल्या माणसाला मिर्टाझपीन मानवते. मधुमेह व स्थूलपणा असलेल्याला तेच नकोसे होते. लैंगिक इच्छा मंदावणे हा सिरोटोनिनच्या गोळ्यांचा नेहमीचा दोष आहे, पण मराठी घरांत रुग्ण ते डॉक्टरांपाशी बोलत नाही आणि डॉक्टरही विचारीत नाहीत. गोळी मात्र गुपचूप बंद होते. बाळंतपणानंतर खचून गेलेल्या स्त्रीला तर आईपणाचे भाग्य आठवून देण्यापलीकडे सहसा कोणी काही करीत नाही. वस्तुतः अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही सर्ट्रालिनसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

काही सावधगिऱ्या मात्र जुजबी नव्हेत. ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचा, बेसुमार खर्चाचा, झोपेवाचून दिवस काढण्याचा झटका येऊन गेला आहे त्याचे नैराश्य निराळ्या जातीचे असते. त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर पारडे उलट बाजूला झुकण्याचा संभव असतो. तेथे १९४९ पासून ठाऊक असलेले लिथियम किंवा तत्सम औषध लागते. किशोरवयीन व अगदी तरुण रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार बळावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ पासून या औषधांवर छापावयास लावला आहे. तो औषध टाळण्यासाठी नाही. त्या आठवड्यांत मुलावर जवळून लक्ष ठेवावे आणि गोळ्या घरच्यांच्या हाती असाव्यात, यासाठी आहे. ही गोळी दारूसारखी किंवा झोपेच्या गोळीसारखी चटक लावत नाही. तरी ती एकाएकी थांबवली तर चक्कर, चिडचिड, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखी संवेदना असा त्रास काहींना होतो आणि तो काहींच्या बाबतीत लांबतोही. म्हणून बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी आणि नंतर हळूहळू उतरवीत न्यावी, असा संकेत आहे.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन, सिरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते याला भक्कम आधार नाही असा निष्कर्ष काढला, आणि गोळ्यांचे बिंग फुटले अशा थाटात त्याची चर्चा झाली. मेंदूत एक रसायन कमी पडले आहे, ते गोळीने भरून काढू, असे रुग्णाला सांगण्याची पद्धत डॉक्टरांनी सोडावी हे या आढाव्यावरून खचितच निघते. सोयीची गोष्ट म्हणून ती सांगितली गेली आणि खरी म्हणून ऐकली गेली. परंतु गोळी गुणकारी का आहे याचे स्पष्टीकरण चुकले म्हणजे गोळी निर्गुण ठरली, हा तर्क टिकणारा नाही. सी व्ह्यूच्या रुग्णांना किंवा म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णांना आराम पडला तो कोणताही सिद्धांत हाती नसताना. गुण आधी दिसला, सिद्धांत मागून रचला गेला. तो कोसळला तरी गुणाचे मोजमाप प्रयोगांनीच करावे लागेल, आणि त्या प्रयोगांचा कौल वर दिलाच आहे. सौम्य उदासीनतेत गोळीचा फायदा फारसा दिसत नाही, खोल नैराश्यात तो अधिक दिसतो. नोकरी गेल्याने, कर्जाने, घरातल्या मारहाणीने खचलेल्या माणसाच्या हाती केवळ गोळी ठेवून मोकळे होणे हे वैद्यक नव्हे, हेही तितकेच खरे.

हे सारे आपल्या हवापाण्यात, आपल्या दवाखान्यांत कितपत लागू पडते, ही शंका कोणी घेऊ नये म्हणून गोव्याचा दाखला देण्यासारखा आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सामान्य बाह्यरुग्ण विभागांतील ४५० रुग्णांवर केलेला प्रयोग २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फ्लुऑक्सेटीन, काहींना बिनऔषधी गोळी आणि काहींना समुपदेशन देण्यात आले. दोन महिन्यांच्या अखेरीस फ्लुऑक्सेटीन बिनऔषधी गोळीहून सरस ठरले. समुपदेशन त्या वेळी ठरले नाही. पण तेच संशोधक तेथे थांबले नाहीत, आणि साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या भेटींत केलेली बोलण्याची उपचारपद्धती तीव्र नैराश्यातही उपयोगी पडते हे त्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. दोन्ही वाटा मांडवी-जुवारीच्या काठी आपल्याच लोकांवर अजमावल्या गेल्या आहेत. मुंबईला त्या शिकण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.

मुंबईच्या उपनगरांची खरी अडचण वेळेची आहे. पालिकेची रुग्णालये येथे आहेत. घाटकोपरला राजावाडी आहे, जुहूला कूपर आहे, कांदिवलीला शताब्दी आहे. परंतु मोठ्या रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग म्हणजे मुख्यतः सकाळ. आणि उपनगरी माणसाची सकाळ ही गाडी पकडण्याची असते. केसपेपर काढणे, रांग, तपासणी, औषधाच्या खिडकीपाशी पुन्हा रांग, यांत त्याची अर्धी रजा जाते. रोजंदारीवरच्या माणसाची तर मजुरी जाते. पहिल्या खेपेस तो ही किंमत देतो, कारण त्रास असह्य झालेला असतो. दुसऱ्या खेपेपर्यंत गुण आलेला नसतो, त्रास मात्र वाढलेला असतो, आणि वरिष्ठांना रजेचे कारण काय सांगावे हा प्रश्न असतोच. पाय कापला असता तर सांगता आले असते. मुलुंडच्या वेशीपलीकडे १९०१ पासून ठाण्याचे मनोरुग्णालय उभे आहे. ठाण्याला पोहोचवावा लागेल, ही थट्टा मुंबईत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा रुग्णाला उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क देतो, पण ही थट्टा त्याच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा प्रश्न कोणत्या वर्गाची गोळी घ्यावी हा नसून, पहिली चिठ्ठी आणि दुसरी भेट यांमधले पंधरा दिवस कोणी सांभाळावयाचे, हा आहे. याचे उत्तर नव्याने शोधावे लागेल असे नाही. ज्या क्षयाच्या औषधातून नैराश्याचे पहिले औषध निपजले, त्या क्षयासाठी पालिकेच्या दवाखान्यांनी हे काम पूर्वीच करून दाखविले आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात १९९७ पासून रुग्णाने गोळी प्रत्यक्ष घेतली की नाही याची नोंद ठेवण्याची पद्धत रुजली. रुग्ण आला नाही तर कर्मचारी त्याच्या घरी जातो, समजूत घालतो, त्रास होत असल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचवितो. गोवंडी-मानखुर्दच्या चिंचोळ्या गल्ल्यांतूनही हे काम होते. किंबहुना क्षय आणि नैराश्य ही दोन दुखणी याच गल्ल्यांत पुष्कळदा एकाच अंथरुणावर असतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिले जाणारे सायक्लोसेरीन मन बिघडवू शकते, आणि लिनेझोलिड हे सिरोटोनिनच्या गोळ्यांसोबत घेतल्यास धोका संभवतो. दोन्ही आजारांचे कागद दोन वेगळ्या खिडक्यांत पडून राहणे म्हणूनच परवडणारे नाही.

२०२२ पासून मुंबईत ‘आपला दवाखाना’ या योजनेखाली संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहणारी केंद्रे सुरू झाली आहेत. त्याच वर्षी केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते. संध्याकाळच्या या दवाखान्यांतील डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे आणि अत्यावश्यक यादीतील दोन-तीन औषधे वापरण्याचे शिक्षण द्यावे, अवघड रुग्ण राजावाडी-कूपरच्या तज्ज्ञांकडे पाठविण्याची वाट मोकळी असावी, आणि ही औषधे त्या दवाखान्याच्या कपाटात खंड न पडता असावीत. पहिल्याच दिवशी, झोपेच्या गोळीत आणि या गोळीत काय फरक आहे, त्रास किती दिवस होईल आणि गुण केव्हा दिसेल, हे रुग्णाला आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मराठीत, हिंदीत, गुजरातीत समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. दहाव्या दिवशी दवाखान्यातून एक दूरध्वनी जावा. क्षयाच्या नोंदवहीत न आलेल्या रुग्णासाठी जसा रकाना आहे तसा तो याही वहीत असावा, आणि तो संध्याकाळी सातनंतर, बोरिवलीची गाडी येऊन गेल्यावर, भरला जावा.